वाट पाहण्याचे नीतिशास्त्र

एखाद्या व्यक्तीच्या देहात एक पेशी अशी आढळली की, जी आज निरुपद्रवी आहे, उद्या कदाचित आपोआप नाहीशी होईल, किंवा पंधरा-वीस वर्षांनी प्राणघातक ठरेल. तर त्या पेशीविषयी आपले कर्तव्य काय? ती तत्काळ काढून टाकावी, की तिच्यावर नजर ठेवून थांबावे? आणि थांबायचेच, तर तो निर्णय कोणी घ्यावा? सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याने, की जिच्या देहात ती पेशी आहे तिने? प्रश्न वरकरणी वैद्यकाचा दिसतो. परंतु अर्धवट ज्ञानाच्या आधारे दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल निर्णय घेण्याची पाळी शिक्षकावर, न्यायाधीशावर, आईबापांवरही येते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी आणि त्या तपासणीत अलीकडे आलेली प्रथिनांची चिन्हे यांच्या निमित्ताने हा प्रश्न जितक्या स्पष्टपणे समोर येतो, तितका क्वचितच अन्यत्र येत असेल. म्हणून प्रस्तुत लेखात त्याच उदाहरणाच्या आधाराने थोडा विचार करावयाचा आहे.

आरंभी वस्तुस्थिती. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे साडेतीन लाख स्त्रिया त्याने दगावल्या. त्यांपैकी भारतातील रुग्णसंख्या सव्वा लाखाहून अधिक आणि मृत्यू ८० हजारांच्या जवळपास होते. हे आकडे अधिक क्लेशदायक वाटतात ते एका कारणाने : हा रोग एका रात्रीत उद्भवत नाही. निरोगी पेशीपासून आक्रमक कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा दहा, पंधरा, वीस वर्षांचा असतो. निसर्गाने इतकी दीर्घ मुदत फार थोड्या कर्करोगांत दिली आहे. या मुदतीचा आपण काय उपयोग करतो, हाच नैतिक प्रश्नाचा गाभा आहे.

ही मुदत माणसाच्या ध्यानात आली ती ग्रीसमधून अमेरिकेत स्थायिक झालेल्या जॉर्ज पापानिकोलाऊ या संशोधकामुळे. योनिमार्गातील स्राव काचपट्टीवर पसरून त्यातील पेशी पाहिल्या तर कर्करोग ओळखता येतो, हे त्याने १९२८ मध्ये एका परिषदेत मांडले. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश यानेही तसेच सांगितले होते. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञासह पापानिकोलाऊने लिहिलेला निबंध आणि १९४३ मधील त्यांचा ग्रंथ यांनंतर ‘पॅप’ तपासणी जगभर रुजली. त्याची पत्नी अँड्रोमाकी ऊर्फ मेरी हिने वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने या अभ्यासासाठी दिले, हेही नोंदविले पाहिजे. जेथे ही तपासणी नियमितपणे, सर्व स्त्रियांपर्यंत पोहोचेल अशा रीतीने झाली, तेथे हा रोग लक्षणीय प्रमाणात घटला.

परंतु पाहणे म्हणजे समजणे नव्हे. काचपट्टीवरील पेशीचे केंद्रक थोडे मोठे, थोडे गडद, कडा थोडी वेडीवाकडी. हे ‘थोडे’ किती झाले म्हणजे चिंता करावी, याविषयी दोन अनुभवी तज्ज्ञांचेही एकमत होत नसे. १९८८ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे या अहवालांची परिभाषा निश्चित करण्यात आली, तेव्हा तिच्यात एक वर्ग असा करावा लागला की, ज्याचा मराठीत अर्थ ‘महत्त्व अनिश्चित असलेल्या वेगळ्या पेशी’ असा होईल. शास्त्राने आपल्या संशयालाच एक अधिकृत रकाना दिला. यात शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे. पण तो कागद हाती घेऊन घरी जाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय? तिला रोग आहे असे कोणी म्हणत नाही. नाही असेही म्हणत नाही. ती रुग्ण नाही आणि निरोगीही नाही.

फ्रान्समधील वैद्य व तत्त्वज्ञ जॉर्ज काँगिलेम याने १९४३ मधील आपल्या प्रबंधात ‘सामान्य’ आणि ‘विकृत’ या कल्पनांची चिकित्सा करताना एक मुद्दा आग्रहाने मांडला : सरासरीहून वेगळे असणे म्हणजे रोगी असणे नव्हे. वेगळेपणा ही मोजमापाची गोष्ट आहे, रोग ही जगण्याची. ज्या स्त्रीला काहीही होत नाही, जी स्वयंपाक करते, नोकरीवर जाते, नातवंडांना खेळविते, तिच्या एका पेशीचे केंद्रक मोठे आहे म्हणून तिला रोगी म्हणणे हा भाषेचा अतिरेक होय. उलट, ती बरी दिसते म्हणून तिला काहीच न सांगणे हा मौनाचा अतिरेक.

या कोंडीतून वाट काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न कारणाच्या शोधातून झाला. १९८३-८४ मध्ये जर्मनीतील हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दाखवून दिले. २००८ मध्ये या कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता विषाणू आहे की नाही, एवढे तपासले की झाले, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु येथेही निसर्ग इतका सरळ नाही. लैंगिक जीवनास आरंभ झालेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा या विषाणूंपैकी एखाद्याचा संसर्ग होतो. त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. आणि बहुतेकांचा संसर्ग वर्षा-दोन वर्षांत शरीर स्वतःच परतवून लावते. विषाणू नसेल तर हा कर्करोग जवळजवळ होत नाही, हे खरे. पण विषाणू आहे म्हणून कर्करोग होईल, हे खरे नाही.

येथे आपल्या न्यायशास्त्राची आठवण होते. गौतमाने न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच तिसरा येतो तो संशय. संशय हा त्या परंपरेत बुद्धीचा दोष नाही. विचाराचे ते प्रवेशद्वार आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान आपण सर्वांनी ऐकलेले असते. परंतु नैयायिकांनी त्याची उलट बाजूही तपासली : जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येईल काय? येत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघण्यासाठी अग्नीला ओल्या इंधनाचा संयोग व्हावा लागतो. या अधिकच्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटले, आणि ज्या अनुमानात अशी उपाधी दडलेली असते ते अनुमान सदोष ठरविले. ‘जेथे विषाणू तेथे कर्करोग’ हे अनुमान नेमके याच जातीचे आहे. विषाणूरूपी अग्नी पुष्कळांच्या देहात पेटतो आणि विझतो. धूर निघतो तो थोड्यांच्या. मग या ठिकाणी ओले इंधन कोणते?

गेल्या तीन दशकांत प्रथिनांच्या अभ्यासाने या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी दिले आहे, आणि ते उत्तर मोठे मनोवेधक आहे. पेशीचे विभाजन बेबंद होऊ नये म्हणून तिच्यात काही रोधक प्रथिने असतात. आरबी या नावाने ओळखले जाणारे प्रथिन विभाजनाचे दार बंद ठेवते. पी-१६ हे प्रथिन ते दार बंदच राहावे अशी व्यवस्था करते. विषाणू जोपर्यंत पाहुण्यासारखा राहून आपली संख्या वाढवितो, तोपर्यंत फारसे बिघडत नाही. पण काही पेशींत त्याचे ई-७ हे प्रथिन अनिर्बंध तयार होऊ लागते आणि आरबीला निकामी करते. दार सताड उघडते. हा बेबंदपणा जाणवून पेशी पी-१६ अधिकाधिक निर्माण करू लागते. परंतु पी-१६ ज्याच्या द्वारा काम करावयाचे, ते आरबीच उरलेले नसते. स्वार लगाम जिवाच्या आकांताने ओढीत आहे आणि लगाम घोड्याच्या तोंडातून केव्हाच निसटला आहे, असा हा प्रकार. म्हणून रोधकाचा पूर हीच रोध तुटल्याची खूण ठरते.

एवढ्यानेही भागत नाही. म्हाताऱ्या होऊन विभाजन थांबविलेल्या निरुपद्रवी पेशींतही पी-१६ आढळते. तेथे लगाम खरोखरच लागलेला असतो. म्हणून दुसरे एक प्रथिन साक्षीला घेतले जाते. त्याचे नाव की-६७. जर्मनीतील कील या शहरावरून त्याच्या नावाचे पहिले अक्षर आले. हे विभाजन पावणाऱ्या पेशीत असते, विसावलेल्या पेशीत नसते. तेही एकटे पुरेसे नाही, कारण जखम भरताना निरोगी पेशीही विभाजन पावतात. परंतु एकाच पेशीत थांबण्याची खूण आणि धावण्याची खूण एकत्र दिसली, तर ती विसंगती निरोगी पेशीत संभवत नाही. प्रयोगशाळेत पी-१६ तपकिरी आणि की-६७ तांबड्या रंगाने उमटविले जाते. तपकिरी पेशीत तांबडे केंद्रक अशी एकही पेशी दिसली, तरी तपासणी ‘होकारार्थी’ धरतात. पेशीच्या रूपाविषयी वाद घालण्याचे प्रयोजन बरेच कमी होते. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये या दुहेरी रंगतपासणीला मान्यता मिळाली, आणि विषाणू आढळलेल्या स्त्रियांमधून पुढे कोणाची कसून तपासणी करावी हे ठरविण्यासाठी ती वापरता येईल, असे मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. विषाणूचेच ई-६ हे प्रथिन पट्टीवर ओळखण्याची आणखी एक तपासणी आहे. तिचा स्वभाव निराळा : ती बोलली तर बहुधा खरे बोलते, पण पुष्कळदा बोलायला हवे तेथे गप्प राहते. साक्षीदारांमध्ये जसे काही वाचाळ असतात आणि काही मितभाषी, तसेच या चिन्हांचे आहे. न्यायाधीशाला दोघांचाही स्वभाव ठाऊक असावा लागतो.

या निवाड्याला वैद्यकात ‘ट्रायेज’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. निवडणे, वेगळे काढणे हा त्याचा अर्थ. आपल्याकडे त्याला ‘पाखडणे’ हा जिवंत शब्द आहे. सुपात धान्य घेऊन पाखडणारी बाई कण आणि कोंडा वेगळा करते. पण सूप जरा जोराने हलले तर दाणाही बाहेर पडतो, आणि हळू हलले तर कोंडा आतच राहतो. पाखडण्याची कला म्हणजे हे दोन दोष तोलण्याची कला. तपासणीतही तेच. निकष कडक केला तर एखादी खरी रोगी स्त्री निरोगी म्हणून घरी जाते; सैल केला तर शेकडो निरोगी स्त्रियांना भीती, फेऱ्या, खर्च आणि कधी अनावश्यक शस्त्रक्रिया सोसावी लागते. गर्भाशयमुखाचा भाग काढून टाकण्याच्या उपचारानंतर पुढील गरोदरपणात अकाली प्रसूतीचा संभव काहीसा वाढतो, हे आता ज्ञात आहे. म्हणजे ‘काढून टाकले की सुटलो’ हेही विनामूल्य नाही.

प्रथिनांच्या चिन्हांमुळे सूप अधिक बारीक झाले, यात शंका नाही. परंतु त्यामुळे नैतिक निर्णयच नाहीसा झाला, असे जर कोणी समजत असेल तर ती गफलत आहे. चिन्ह धोक्याचे प्रमाण सांगते. किती धोका सहन करावा, हे सांगत नाही. शंभरात दोन असा धोका असेल तर थांबावे, की दहा असेल तरीही थांबावे? ही रेषा प्रथिनात नसते. ती माणसांनी ओढलेली असते. आणि रेषा ओढणारा व रेषेच्या अलीकडे-पलीकडे सापडणारी, या बहुधा भिन्न व्यक्ती असतात.

ओक्लंडच्या इतिहासाकडे वळणे येथे आवश्यक वाटते. न्यूझीलंडमधील या शहराच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये हर्बर्ट ग्रीन नावाचे एक प्राध्यापक होते. गर्भाशयमुखाच्या पृष्ठभागावर मर्यादित असलेली विकृती पुढे कर्करोगात परिणत होतेच, हे त्यांना मान्य नव्हते. उगाच स्त्रियांची गर्भाशये काढली जातात, असे त्यांचे म्हणणे. आणि त्यात तथ्याचा अंश होता. १९६६ मध्ये रुग्णालयाच्या संमतीने त्यांनी अशा काही स्त्रियांवर पूर्ण उपचार न करता केवळ देखरेख सुरू केली. स्त्रियांना याची कल्पना देण्यात आली नाही. काहींच्या पेशी वर्षामागून वर्षे विकृत दिसत राहिल्या. त्या पुन्हा पुन्हा रुग्णालयात येत राहिल्या. काहींना कर्करोग झाला, काही मरण पावल्या. रुग्णालयातीलच मॅकिंडो आणि मॅक्लीन या दोघा डॉक्टरांनी आक्षेप घेतले, ते दीर्घकाळ बाजूला सारले गेले. १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोन लेखिकांनी ते एका मासिकातून लोकांपुढे आणले. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी झाली आणि १९८८ च्या त्यांच्या अहवालाने त्या देशातील रुग्णांच्या हक्कांची व्यवस्थाच बदलली.

२००८ मध्ये त्या जुन्या नोंदींचे पुनरावलोकन प्रसिद्ध झाले. ज्या १४३ स्त्रियांचा केवळ लहानसा तुकडा तपासणीसाठी काढण्यात आला होता आणि ज्यांना पुढे योग्य उपचार मिळाला नव्हता, त्यांच्यात ३० वर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाण सुमारे ३१ टक्के निघाले. ज्यांच्यावर योग्य उपचार झाले अशा ५९३ स्त्रियांत ते एक टक्क्याहूनही कमी होते. विकृतीची नैसर्गिक गती किती, हे आज जग जे जाणते त्यातील फार मोठा भाग या १४३ स्त्रियांच्या देहांवरून जाणते. १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी पूर्वतपासणीची जी तत्त्वे जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिली, त्यांत रोगाची नैसर्गिक वाटचाल पुरेशी ज्ञात असावी, असे एक तत्त्व आहे. तत्त्व निर्विवाद योग्य आहे. पण ही वाटचाल कळावी कशी? कोणाला तरी उपचाराविना चालू द्यावे, तेव्हा ना? ज्ञानाच्या पायथ्याशी कधी कधी असे ऋण असते की, जे फेडता येत नाही. निदान ते विसरू नये.

या ३१ टक्क्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचता येतो, आणि येथेच विचाराची खरी कसोटी लागते. एक वाचणारा म्हणेल, तिघींपैकी जवळजवळ एक! थांबणे हा गुन्हा होता. दुसरा म्हणेल, तिघींपैकी दोघींना ३० वर्षांत काहीही झाले नाही. त्यांच्यावर सुरी चालविणे कितपत न्याय्य? दोघांचाही आकडा एकच. आज पी-१६ आणि की-६७ यांच्या साहाय्याने त्या दोघी आणि ती एक यांना काहीसे आधी वेगळे काढता येईल, ही आशा आहे. पूर्णपणे काढता येईल, असे कोणी म्हणत नाही. मग आजचे प्रामाणिक डॉक्टर जेव्हा दुहेरी तपासणी नकारार्थी आलेल्या स्त्रीला ‘वर्षभराने पुन्हा या’ असे सांगतात, तेव्हा ते ग्रीन यांच्यापेक्षा निराळे काय करतात? कृती तर तीच : थांबणे.

माझ्या मते भेद तीन गोष्टींत आहे. पहिली, जी थांबते तिला आपण थांबतो आहोत हे ठाऊक असते. का थांबतो आणि त्यात धोका किती, हेही तिला सांगितलेले असते. दुसरी, थांबण्याला मर्यादा असते : अमुक दिसले की थांबणे संपले, ही रेषा आधीच आखलेली असते आणि ती सिद्धान्ताच्या मोहाने पुढे सरकविली जात नाही. ग्रीन यांचा दोष त्यांच्या शंकेत नव्हता. पुरावा विरुद्ध जाऊ लागल्यावरही शंकेचे मताग्रहात रूपांतर झाले, त्यात होता. तिसरी, उपचाराचे दार उघडे असते. तिने मनात आणले तर ती केव्हाही आत येऊ शकते. या तिन्ही अटी असतील तर थांबणे ही वैद्यकातील एक श्रेष्ठ कृती ठरते, कारण ती देहावर विनाकारण आघात करीत नाही. त्यांपैकी एक जरी नसेल, तरी थांबणे म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्याशी खेळणे होय. म्हणजे नीतिमत्ता थांबण्यात किंवा न थांबण्यात नाही. थांबणे कोणाचे आहे, यात आहे.

हाच निकष आपल्या जवळच्या उदाहरणाला लावून पाहावा. हैदराबाद राज्यातून १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलेल्या मराठवाड्यातील उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठी चाचणी झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांचा तिच्यात सहभाग होता. ४९७ खेड्यांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले गेले. एका गटाची विषाणूतपासणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची आम्लद्रव लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी, आणि चौथ्या गटाची कोणतीच तपासणी नाही. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात ६४ स्त्रिया या रोगाने मरण पावल्या होत्या. विषाणूतपासणी झालेल्या गटात ३४. आयुष्यात एकदा केलेली एक तपासणी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे खेड्यापाड्यांतील या स्त्रियांमुळे जगाला कळले. जागतिक धोरण विषाणूतपासणीकडे वळले, त्यामागे या निष्कर्षाचा मोठा वाटा आहे.

परंतु चौथ्या गटाचे काय? उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतील दिंडिगुल येथील तीन चाचण्यांत मिळून १,३८,६२४ स्त्रिया तपासणीविना ठेवल्या गेल्या आणि त्यांतील किमान २५४ या रोगाने दगावल्या, असा आक्षेप २०१४ मध्ये वैद्यकीय नीतिशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकातून घेण्यात आला. पॅप तपासणी उपयोगी आहे हे दशकानुदशके ठाऊक असताना काहीच न देणारा गट ठेवलाच का, हा आक्षेपकांचा प्रश्न. त्यावर समर्थकांचे उत्तर असे की, या देशात सामान्य स्त्रीला तशीही कोणती तपासणी मिळत नव्हती. चाचणीने तिच्याकडून काही हिरावून घेतले नाही. हे उत्तर पोकळ नाही. पण त्यात एक धोका आहे. जे आधीच वंचित आहेत त्यांची वंचना हीच तुलनेची पातळी मानली, तर गरिबाला कमी देणे हे नेहमीच ‘काही हिरावले नाही’ असे सिद्ध करता येईल. ओक्लंडच्या स्त्रियांना आपण थांबलो आहोत हे माहीत नव्हते. उस्मानाबादच्या स्त्रियांनी चाचणीला संमती दिली होती. हा फरक लहान नाही. तथापि तिसरी अट, उपचाराचे उघडे दार, ही त्या खेड्यांत कितपत अस्तित्वात होती, हा प्रश्न उरतोच. दार कागदावर उघडे असणे आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

संमतीचा विषय निघालाच आहे, तर बडोद्याच्या वाचकांना आठवत असेल अशी एक घटना सांगतो. याच विषाणूविरुद्धच्या लसीचा एक प्रायोगिक कार्यक्रम २००९-१० मध्ये बडोदे जिल्ह्यात आणि तत्कालीन आंध्रातील खम्मम जिल्ह्यात झाला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल २०१० मध्ये तो स्थगित झाला. मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत निष्पन्न झाले नाही. परंतु संमतीची पद्धत सदोष आढळली. कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या गृहपालांनी वा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये यावर कठोर ताशेरे ओढले. लस चांगली होती. ती देण्याची रीत चांगली नव्हती. आणि रीत चुकली की चांगल्या वस्तूवरील विश्वासही उडतो. त्याची किंमत पुन्हा स्त्रियांनीच मोजली.

आता दुसऱ्या बाजूचा एक युक्तिवाद विचारात घेतला पाहिजे. अचूकता हेच सर्वोच्च मूल्य मानावे काय? प्रथिनांच्या तपासण्यांना सुसज्ज प्रयोगशाळा, प्रशिक्षित नजर, पैसा आणि दुसरी भेट लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया दोन टक्क्यांहूनही कमी आढळल्या. जेथे पहिली भेटच घडत नाही, तेथे दुसऱ्या भेटीची मनीषा काय कामाची? मजुरी बुडवून, सासूला विचारून, एसटीने तालुक्याला आलेल्या स्त्रीला ‘निकाल निश्चित करण्यासाठी पुन्हा या’ असे सांगितले तर ती पुष्कळदा येत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना अशा परिस्थितीत तपासणी आणि उपचार यांच्या मधली पायरी गाळण्याचाही मार्ग मान्य करते. त्या मार्गाने काही स्त्रियांवर अनावश्यक उपचार होतील. पण ज्यांना तो आवश्यक आहे त्या निसटणार नाहीत.

म्हणजे पुण्या-मुंबईत, इंदुरात वा हैदराबादेत राहणाऱ्या सुखवस्तू स्त्रीसाठी जे थांबणे श्रेयस्कर, तेच धाराशिवच्या शेतमजूर स्त्रीसाठी घातक ठरू शकते. पेशी तीच, विषाणू तोच, प्रथिनही तेच. कर्तव्य मात्र निराळे. याचा अर्थ नीती सापेक्ष आहे असा नव्हे. तत्त्व एकच आहे : थांबण्याचा भार जिच्यावर पडेल, तिला तो पेलता आला पाहिजे. जिला परत येण्याची साधने आहेत, तिच्या बाबतीत थांबणे हा तिच्या देहाचा आदर आहे. जिला ती नाहीत, तिच्या बाबतीत थांबणे हा तिचा त्याग आहे. परंतु येथे समाधान मानून चालणार नाही. गरीब स्त्रीसाठी मोठे छिद्र असलेली चाळणी आणि श्रीमंत स्त्रीसाठी बारीक सूप, ही व्यवस्था कायमची म्हणून स्वीकारणे म्हणजे अन्यायालाच धोरणाचे नाव देणे. ती तात्पुरती तडजोड म्हणूनच क्षम्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे ध्येय ठरविले, त्यात २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची विश्वसनीय तपासणी आणि विकृती आढळलेल्यांपैकी ९० टक्क्यांवर उपचार अभिप्रेत आहेत. तेथवर जाण्याचा रस्ता किती लांब आहे, हे वरील दोन टक्क्यांवरून दिसते.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरांविषयी. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनी भाषा जपली, कुळाचार जपले. त्याबरोबर काही मौनेही जपली. ‘बायकांचे दुखणे’ हा शब्दप्रयोग त्यांपैकी एक. त्याच्या आड किती आजार दडले आणि किती आज्या-पणज्या नेमक्या कोणत्या रोगाने गेल्या, हे वंशावळीत कोठे लिहिलेले नसते. आज प्रथिनांचा रंग काचपट्टीवर उमटतो आणि शंका नावानिशी सांगता येते. परंतु ती सांगण्यासाठी घरात शब्द नसतील, तर रंगाचा उपयोग मर्यादितच राहणार. ‘तिला कशाला सांगायचे, उगाच घाबरेल’, हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते. ओक्लंडमध्येही ते बहुधा प्रेमाने, निदान सद्‌हेतूने, उच्चारले गेले असेल. भीतीपासून वाचविण्याच्या नावाखाली आपण तिच्याकडून काय घेतो, याचा विचार करावा : भीती तर आपण स्वतः सोसतो, पण निर्णयाचा अधिकार तिचा काढून घेतो.

गौतमाच्या यादीत संशयानंतर चौथा पदार्थ येतो तो प्रयोजन. संशय आला की विचारायचे, कशासाठी? तपासणीचे प्रयोजन पेशीविषयी अंतिम सत्य जाणणे हे नाही. ते प्रथिनांनाही अजून जमलेले नाही. तिचे प्रयोजन एवढेच की, निसर्गाने दिलेली दहा-वीस वर्षांची मुदत त्या स्त्रीच्या हाती, तिला कळेल अशा भाषेत सोपवावी. त्या मुदतीत थांबायचे की उपचार घ्यायचे, हे डॉक्टरांनी समजावून सांगावे, कुटुंबाने सोबत द्यावी, शासनाने दार जवळ आणावे. आणि ठरवावे तिने.